डोलड्रममधलं गलबत

एका जंगलात, बाळांनो, असे काही जण राहत होते ज्यांना बुडायची भीती नव्हती, वल्हवायची होती. नावं घेत नाही. ज्याचं त्याला कळेल.

त्या जंगलातले पाणवठे आटले. समुद्रापलीकडच्या बेटावर गोड्या पाण्याचे झरे होते. मग सगळे प्राणी गलबतात बसून निघाले. सोबत पिण्याच्या पाण्याचं एकच पिंप. गलबत हाकणारा तांडेल होतं अस्वल.

वाटेत वारा पडला. शीड वाळत घातलेल्या धोतरासारखं लोंबू लागलं.

सुंदी भेकरीण पिंपात डोकावली. तळ दिसत होता. तिचं पाडस कोरडे ओठ चाटत पडलं होतं.

“तांडेलदादा, वल्ही काढा,” ती म्हणाली.

अस्वल उठलंसुद्धा. पण एका पायावर उभे असलेले बगळेगुरुजी खाकरले. “घाई नको. ह्याला डोलड्रम म्हणतात.”

गलबतभर सुटकेचा निःश्वास पसरला.

“म्हणजे आपली चूक नाही?” अस्वलाने विचारलं.

“मुळीच नाही. विषुववृत्ताजवळचा निवांत पट्टा. थोर थोर गलबतं इथे अडकली आहेत.”

अस्वल अभिमानाने खाली बसलं.

शब्द सगळ्यांना फार आवडला. सकाळपासून झोपलेला ससा म्हणाला, “मला डोलड्रम झालाय.”

“झालाय नव्हे. ‘मी डोलड्रममध्ये आहे’ असं म्हणावं,” गुरुजी म्हणाले. “मनाची मरगळ, धंद्यातली मंदी, तुंबलेला राज्यकारभार, सगळ्यांना हा शब्द चालतो.”

“आळसाला चालतो का?”

“आळसाला तर शोभून दिसतो.”

लगेच अर्थनिश्चिती मंडळ बसलं. कोल्हा अध्यक्ष झाला.

“आणि पाणी?” सुंदीने विचारलं.

“पाण्याचा विषय अर्थानंतर,” कोल्हा म्हणाला. “बाई, जरा व्यापक विचार करा.”

सुंदीने एकटीनेच एक वल्हं दातांत धरून मारलं. एका वल्ह्याने गलबत पुढे कसं जाणार? ते जागच्या जागी गरगर फिरलं.

“विषयाला फाटे फोडू नका,” मंडळ ओरडलं.

पण त्या फेऱ्यात सुंदीला बेट दिसलं. हाकेच्या अंतरावर, झाडं मोजता येतील इतकं जवळ. सगळे गुरुजींकडे बघत बसलेले आणि गुरुजी डोळे मिटून बोलणारे, त्यामुळे बेट कुणाच्याच नजरेला पडलं नव्हतं.

ती सांगणार, तोच वारा सुटला. शीड टम्म फुगलं.

“शीड उतरवा,” बगळेगुरुजी कडाडले. “अर्थ अजून मंजूर व्हायचाय. गलबत इथून हललं तर आपण अभ्यास कशाचा करायचा?”

मतदान झालं. शीड उतरलं. वाऱ्याच्या उतावीळपणाचा निषेधही झाला.

सुंदीने पाडसाला पाण्यात ढकललं आणि मागोमाग उडी मारली. पाडस दोनदा बुडालं, दोनदा तिने मानेने वर काढलं. तिसऱ्यांदा त्याच्या खुरांना वाळू लागली. झऱ्यापाशी ते इतकं प्यायलं की तिथेच झोपलं.

गलबतावर मंडळाने नोंद केली: वाक्यात उपयोग – ‘भेकरीण अडाणी असल्यामुळे डोलड्रममध्ये टिकू शकली नाही.’

तात्पर्य: संकट आलं की आधी त्याला भारदस्त नाव द्यावं. नाव नीट जमलं, तर संकट पुष्कळ दिवस टिकतं.

हे तात्पर्य एकमताने मंजूर झालं. तेव्हा पिंपाचा कोरडा तळ चाटत ससा म्हणाला, “गुरुजी, तहानेलाही एखादा असा शब्द असेलच ना?”