बावन्न खडे, विहित नमुन्यात

मुंजाजीने जन्मभर अंगठा उठवला. त्याचा मुलगा प्रभू सही करू लागला. प्रभूचा मुलगा संतराम आलेली पत्रे आणि कोर्टाची समन्से सारख्याच मोठ्या आवाजात वाचू लागला. संतरामचा मुलगा शिवहार सेनगाव तालुक्यातल्या खडकदरा या गावी जिल्हा परिषदेच्या शाळेत मराठीचा शिक्षक झाला. मेंढरांमागे फिरणाऱ्या घराने चार पिढ्यांत अंगठ्यापासून खडूपर्यंत मजल मारली, ही गोष्ट मान वर करून सांगण्यासारखी आहे. मात्र ती मजल उसन्या अक्षरांवर मारलेली होती. उसने आणलेले परत करावे लागते. हा नियम मिठाला लागू आहे तसाच अक्षरालाही.

निजामाच्या काळात मुंजाजीने चराईचा परवाना समजून ज्या कागदावर अंगठा उठवला, तो चराईचा हक्क सोडल्याचा कागद निघाला. कागद उर्दूत होता, म्हणून मुंजाजीने मुलाला मराठी शिकवायचे ठरवले. कारण गावात अक्षर येणारा एकच माणूस होता आणि त्याला मराठीच येत होती. तो माणूस म्हणजे सरहद्दीपलीकडे वाशीमला जाऊन शिकून आलेले दत्तराव. "अक्षरं दान देत नसतो," दत्तराव म्हणाले. "उसनी देतो. माझ्या घरात जे कुणी अक्षरावाचून राहील, त्याला तुमच्या घरानं परत करायची." मुंजाजीला मेंढरे खड्यांनी मोजायची सवय. प्रभू एक अक्षर शिकला की तो एक खडा पिशवीत टाकी. बावन्न अक्षरे झाली, बावन्न खडे झाले, आणि पिशवी तारण म्हणून दत्तरावांच्या घरी राहिली.

दोन हजार सहा साली जून महिन्यात दत्तरावांची सून पंचफुलाबाई ती पिशवी घेऊन शाळेत आली. वय बहात्तर, पाठ ताठ. एका हाताला नात राधिका, वय सहा. पिशवी तिने टेबलावर ठेवली तेव्हा हजेरीपट हलला.

"शिवहार, ही पोरगी पहिलीत आली. बावन्न हायेत. मोजून घे."

"मोजायची गरज नाही, आजी. वर्षाच्या आत फेडतो."

"तुझा बाप बी असंच म्हनायचा. मी जायच्या आत फिटलं पायजे. आन एक ध्यानात ठेव, नुसतं पाटीवरचं अक्षर मी धरनार न्हाई. गावात कुठंतरी लिवलेलं दिसलं आन पोरीनं वाचलं, तरच खडा परत."

"आजी, तुमच्या सासऱ्यांनी तुम्हाला का नाही शिकवलं?"

"मेंढराच्या मागच्या पोराला शिकवलं त्यांनी," पंचफुलाबाई म्हणाली, "सुनेला काहून शिकवतील?" आणि ती निघून गेली. पिशवी मात्र घेऊन गेली.

शिवहार खडू उचलणार, एवढ्यात परिपत्रक आले. जिल्ह्यातल्या भाषाशिक्षकांचे अध्यापन कालबाह्य झाले असून त्यांचा व्यावसायिक विकास यापुढे ऑनलाइन पद्धतीने करण्यात येणार होता. विकास होईपर्यंत कोणीही कोणतेही अक्षर शिकवू नये, अशी तळटीप होती.

विकासाचे ठिकाण हिंगोलीच्या बसस्थानकामागचे एक इंटरनेट कॅफे होते. चालक मुन्ना. संगणक चार, पैकी चालू एक, शिक्षक एकतीस, आणि वीज दोन तास. दारात हजेरीचे नवे यंत्र बसवले होते. त्यावर प्रत्येकाने अंगठा ठेवायचा होता. शिवहारने सवयीने खिशातले पेन काढले, तेव्हा त्याला सांगण्यात आले की सही आता चालत नाही. मुंजाजीचा अंगठा असा चौथ्या पिढीत परत कामाला आला.

साधनव्यक्ती म्हणून भाषा-उन्नयन कक्षाच्या प्रियदर्शनी मॅडम आल्या होत्या. त्यांनी कळ दाबली आणि पहिला पाठ उघडला. पडद्यावर वरपासून खालपर्यंत चौकोन होते. छोटे, रिकामे, एकसारखे, ओळीने मांडलेले चौकोन.

एकतीस शिक्षक ते पाहत राहिले. कोणी काही बोलेना, कारण जो प्रथम बोलेल त्याला समजले नाही असे ठरणार होते.

"फॉन्ट न्हाई ना इसमें," मागून मुन्ना चहाचे ग्लास गोळा करता करता म्हणाला. "अक्षरं बराबर आलीत गुरुजी, दिसायची सोय न्हाई. माझ्याकडे सीडी हाय, दहा मिनिटं लागतील."

"शासकीय आशयात परस्पर बदल करता येत नाही," मॅडम म्हणाल्या. "आशय जसा प्राप्त होईल तसाच पोहोचवायचा आहे. कोणाला शंका?"

शिवहारने हात वर केला. "मॅडम, हे चौकोन कसले?"

"शंका तोंडी घेतल्या जात नाहीत. ऑनलाइन विचारा."

त्याने विचारली. अर्ध्या तासाने उत्तर आले. तेही चौकोनांत होते, आणि त्याखाली यंत्राने आपण होऊन नोंद केली: शंकासमाधान झाले.

शेवटी परीक्षा झाली. प्रश्न चौकोनांत, चारही पर्याय चौकोनांत. निकाल शंभर टक्के लागला. प्रमाणपत्रावर शिवहारच्या नावाच्या जागी चौकोन पाहून त्याने लेखी हरकत घेतली. मॅडमनी पेन्सिलीचे टोक एकेका चौकोनावर ठेवत मोजले. "श, पहिली वेलांटी, व, ह, काना, र. सहा पाहिजेत, सहा आहेत. नाव बरोबर आहे."

यात कोणाची चूक होती असे म्हणता येत नाही. प्रत्येकाने आपापले काम नेमके केले.

पुढचे परिपत्रक असे होते की प्रशिक्षणातला आशय वर्गात तंतोतंत उतरावा. बाराखडीचे तक्ते निरुपयोगी ठरवून त्यांचे निर्लेखन झाले. पाठ्यपुस्तके परत मागवली गेली. खडकदऱ्याची मुले फळ्यावरचे चौकोन पाटीवर काढू लागली. मुलांना ते फार आवडले. चौकोनाला काना चुकत नाही, मात्रा चुकत नाही, ऱ्हस्वदीर्घाचा मार नाही.

गणिताच्या शिक्षिका मोहिनीबाईंनी मात्र तक्रार केली. चौकोन हा गणिताचा विषय असून भाषाशिक्षक त्यात अतिक्रमण करून राहिले आहेत, असे त्यांचे म्हणणे. त्रिसदस्यीय समिती नेमली गेली. समितीने दोन महिने विचार करून निर्णय दिला: चौकोनास क्षेत्रफळ असल्यास तो गणिताचा, अर्थ असल्यास भाषेचा. अर्थ आहे की नाही, हे तपासणे समितीच्या कार्यकक्षेत नव्हते.

दिवाळीनंतर तपासणी झाली. तपासणीसांनी मुलांना वाचायला सांगितले. मुलांनी वरून आलेल्या नव्या पुस्तिका उघडल्या आणि पाच मिनिटे चौकोनांकडे शांतपणे पाहिले. अहवालात शेरा पडला: "मूकवाचन उत्कृष्ट. उच्चारदोष आढळला नाही. 'न्हाई', 'व्हय' असे एकही अप्रमाण रूप विद्यार्थ्यांच्या लेखनात नाही. मराठवाड्याच्या भाषेचा प्रश्न प्रथमच सुटल्याचे दिसते." शाळेला अ श्रेणी मिळाली.

शिवहारने वर प्रस्ताव पाठवला की फॉन्ट नावाची एक वस्तू दहा मिनिटांत बसते, तिला परवानगी मिळावी. प्रस्ताव परत आला. शेरा होता: "अक्षरांत लिहिले असल्याने विचारात घेता येत नाही. विहित नमुन्यात सादर करावे." त्याने रात्रभर जागून, पट्टी लावून, तोच प्रस्ताव चौकोनांत लिहून पाठवला. उत्तर आठ दिवसांत आले: चौकोनांत, चार पाने, आणि जोडपत्र वेगळे. तो मंजूर झाला की फेटाळला, हे त्याला कळायला मार्ग नव्हता. कळवणाऱ्यालाही नसावा.

त्याच आठवड्यात पंचफुलाबाईने नातीची वही उघडली. दुसऱ्या दिवशी सकाळी ती शाळेच्या ओट्यावर उभी होती.

"शिवहार, पोरगी काय करून राहिली हे? घराला खिडक्या पाडून राहिली का?"

"आजी, हे नवीन मराठी आहे."

"जुनं फिटलं न्हाई, अन नवं कुठून आनलं तू?"

"वरून आलंय."

"वरून पानी येतं, गारा येतेत. अक्षर वरून येत न्हाई, शिवहार. ते मानसाकडून मानसाकडं जातं. माझ्या सासऱ्याकडून तुझ्या आज्याकडं गेलं. आता तुझ्या हातावर येऊन थांबलं." तिने पिशवी हलवली. "बावन्नच्या बावन्न हायेत. एक बी कमी झाला न्हाई. मारुतीच्या पारावर टांगू का ही? येणारे-जाणारे इचारतील, कोनाची हाय म्हून."

नोकरी जाईल, या भीतीने माणूस पुष्कळ गोष्टी सोसतो. पण आजोबांचे नाव पारावर टांगले जाईल, ही भीती वेगळ्या जातीची असते. त्या रविवारी सकाळी तो पाटी बगलेत लपवून पंचफुलाबाईच्या शेळ्यांच्या गोठ्यात गेला.

अक्षरे शिकवण्याचे बेकायदेशीर काम त्या गोठ्यात दर रविवारी चालले. राधिका पाटीवर गिरवी, आणि मग तिघे मिळून गावात अक्षर शोधायला निघत. 'स' जीपच्या पाटीवर सापडला: सेनगाव. 'ह' हळदीच्या पोत्यावर. 'व' वारंगा फाट्याला जाणाऱ्या एसटीवर. तेव्हा राधिकेने गाडीमागे पळत ते वाचले आणि कंडक्टरने दोनदा घंटी मारली. 'ळ'साठी त्यांना पिठाच्या गिरणीपर्यंत जावे लागले: दळण. प्रत्येक अक्षराला पंचफुलाबाई पिशवीतून एक खडा काढून शिवहारच्या तळहातावर ठेवी. शिकायला ती बसत नसे. "मी निस्ती मोजायला हाय," असे ती म्हणे, आणि शेळ्यांची धार काढताना तोंड पाटीकडे ठेवी.

'ङ' आणि 'ञ' गावात कुठेच मिळेनात. त्यावर विचार होऊन ती दत्तरावांनाही कधी उपयोगी पडली नव्हती, या सबबीवर तशीच जमा करून घेण्यात आली. मार्चच्या अखेरीस एक्कावन्न खडे परत झाले. राहिला एक: 'ज्ञ'.

'ज्ञ' खडकदऱ्यात नव्हता. दुकानात नाही, पोत्यावर नाही, देवळावर नाही. जी पुस्तके त्याला बाळगून होती, ती परत गेलेली. शिवहारने ते अक्षर गोठ्याच्या दारावर खडूने मोठे काढून ठेवले. "दिसलं की ओळखता आलं पाहिजे, राधिके."

"तू लिवलेलं धरनार न्हाई मी," पंचफुलाबाई म्हणाली. पण दार तिने पुसले नाही.

एप्रिलमध्ये वार्षिक परीक्षा झाली. मुलांनी आपले नाव लिहायचे होते. पहिलीच्या बावीस मुलांनी आपापल्या नावाइतके चौकोन काढले. राधिकेने लिहिले: राधिका.

ती एकटी नापास झाली. शेरा: "विहित नमुन्याबाहेरील लेखन. विद्यार्थिनीस अक्षरांची लागण झाल्याचे दिसते. उगम शोधावा." उगम शोधायला जीप आली, आणि उगम शेळ्यांच्या गोठ्यात सापडला.

चार दिवसांनी शिवहारच्या नावे नोटीस आली. नोटीस ही कायदेशीर बाब असल्याने कार्यालयाने ती जुन्याच पद्धतीने, अक्षरांत काढली होती. शिकवायला चालत नाही ते अक्षर माणसाला नोकरीवरून काढायला चालते, असा तो संकेत. शिपाई ती गोठ्याच्या दारातच देऊन गेला. शिवहारने उघडली आणि दुमडली.

"काय लिवलंय?" पंचफुलाबाईने विचारले.

"काही नाही, आजी. नेहमीचंच."

"दे पोरीकडं."

राधिकेने कागद दोन्ही हातांनी धरला. ओळीखाली बोट फिरवीत ती वाचू लागली. आयुष्यातला तिचा पहिला सलग मजकूर तो होता.

"विषय... अनधिकृत... अक्षर... वापरा... बाबत." तिने श्वास घेतला. "आपण विहित नमुन्याबाहेर अक्षरे शिकविली. सबब आपणास... सेवेतून कमी का... करू नये."

शिवहारचे लक्ष नोटिशीत नव्हते. तो राधिकेचे बोट पाहत होता. ते हळू सरकत होते, पण कुठेही अडत नव्हते. जोडाक्षरावरून मेंढी बांधावरून जावी तसे सहज पलीकडे जात होते.

"तसेच ज्या कोणास ही नोटीस वाचता येईल, त्याचे प्रशिक्षण अपूर्ण आहे असे समजून, त्यानेही तीन दिवसांत खुलासा सादर करावा." मग अगदी खाली, सहीच्या वर, उजव्या कोपऱ्यात एकच शब्द उरला. तिथे बोट थांबले. "आ..." राधिका म्हणाली. "आ..." पुढचे येईना. तिने शिवहारकडे पाहिले. शिवहारने ओठ मिटून धरले; सांगितलेले धरले जात नव्हते.

पंचफुलाबाई उठली. पदराने हात पुसून तिने कागदावर डोळे आणले, मग गोठ्याच्या दाराकडे पाहिले, मग पुन्हा कागदाकडे.

"ज्ञ," ती म्हणाली. "दारावरचं हाय ते. आज्ञे... आज्ञेवरून."

शेळ्या रवंथ करत होत्या. शिवहारने तळहात पुढे केला.

"पोरीनं न्हाई वाचलं," पंचफुलाबाई स्वतःच म्हणाली, कारण हिशेबात तिला लबाडी चालत नसे.

"दत्तरावांची अट मला पाठ आहे, आजी," शिवहार म्हणाला. "घरात जे कुणी अक्षरावाचून राहील, त्याला परत करायची. पोरीचं नाव त्यात कुठंच नव्हतं."

तिने पिशवीत हात घातला. शेवटचा खडा काढून त्याच्या तळहातावर ठेवला आणि त्याची बोटे आपल्या हाताने मिटवली. मग पिशवी उलटी करून झटकली. दोन पिढ्यांची धूळ पडली, बाकी काही नाही.

"फिटलं," ती म्हणाली. "तुझ्या आज्याचं, बापाचं, तुझं. समदं." मग तिच्या काही लक्षात आले. "शिवहार, मंग आता खुलासा मला बी द्यावा लागंल?"

"तुम्हाला, राधिकेला, मला," शिवहार म्हणाला. "ज्याला ज्याला हे वाचता आलं, त्या प्रत्येकाला."

मुदत तीन दिवसांची आहे. येथवर वाचत आलेल्यांनी तारीख पाहून ठेवावी.