गुड फ्रायडेची अनवाणी सहल

चंद्रशेखरराव मोहरीलांच्या जबलपूरच्या घमापुरातल्या घरात तीन दिवसांपासून युरोप चालू होतं. मुलगा आल्हाद आणि सून समिधा युरोप बघून पुण्याला परतले आणि पुण्याहून लगेच जबलपूरला आले होते. त्यामुळे सकाळी पोह्यांबरोबर एक चर्च व्हायचं, दुपारी वरणभाताबरोबर दुसरं, आणि रात्री झोपताना कोणाच्या तरी फोनवर तिसरं चमकायचं.

"बाबा, सगळ्यात भारी म्हणजे वॉकिंग टूर," आल्हाद सांगत होता. "दीड तास, फक्त पायी. एक गाईड, आणि सगळी मध्ययुगीन चर्च. सातशे-आठशे वर्षं जुनी. तिथले दगड बोलतात अक्षरशः."

"आमच्या इथले काय मुके आहेत?" चंद्रशेखरराव म्हणाले.

हा प्रश्न दगडांबद्दल नव्हता. शनिवारी घर बघायला गिऱ्हाईक येणार होतं. आल्हादने पुण्यात आपल्याच इमारतीत आईबाबांसाठी एक फ्लॅट पाहून ठेवला होता. गिऱ्हाइकाशी जमलं की दिवाळी पुण्यात, असा त्याचा बेत होता. चंद्रशेखररावांना कुठंही जायचं नव्हतं. फॅक्टरीत त्यांनी जन्मभर साहेबांना तोंडावर नाही म्हटलं होतं, पण मुलाला नाही म्हणायची वेळ आली की त्यांच्या घशात पोहे अडकायचे. तेव्हा तोंडाने न सांगता शहरानेच मुलाला सांगावं, असं त्यांनी ठरवलं. भेडाघाटचा काही उपयोग नव्हता. घरी आलेल्या प्रत्येक पाहुण्याबरोबर जाऊन जाऊन आल्हादला तिथला धबधबा पाठ झाला होता.

"आपण चर्चची टूर काढू," त्यांनी संध्याकाळी मोतीरामला सांगितलं. मोतीराम त्यांचा लहानपणापासूनचा मित्र. रेल्वेत होता, आणि नोकरीची बहुतेक वर्षं त्याने फाटकावर काढली होती. "छावणीतली दोन जुनी चर्च. गाईड मी."

"तुले काय माहीत आहे चर्चबद्दल?"

"त्या गाईडला तरी काय माहीत होतं? सातशे वर्षांपूर्वी तो होता काय तिथं?"

"हे बी खरं आहे. मंग शुक्रवारी काढ. सुट्टी आहे."

आता जबलपूरच्या मराठी माणसाचं एक सांगायला हवं. घरातलं कोणी फॅक्टरीत, कोणी रेल्वेत, कोणी केंद्र सरकारच्या हापिसात. सुट्टी आली की त्या दिवशी गाद्या उन्हात घालायच्या की पापड, एवढंच ठरायचं. सुट्टी कशाची आहे हे विचारणं म्हणजे दान आलेल्या गाईचे दात मोजणं. शुक्रवारी गुड फ्रायडे होता हे सगळ्यांना ठाऊक होतं. त्या दिवशी चर्चमध्ये काही असतं, हे मात्र कोणाच्याही डोक्यात आलं नाही.

चंद्रशेखररावांच्या पत्नी सरोजिनीबाईंनी महिला मंडळाच्या ग्रुपवर टूरबद्दल दोन ओळी टाकल्या. शुक्रवारी अकराच्या सुमारास पहिल्या चर्चच्या फाटकाशी मोहरील कुटुंब पोचलं, तेव्हा तिथं अख्खं महिला मंडळ यजमानांसकट हजर होतं. पाण्याच्या बाटल्या होत्या, चिवडा होता, आणि एका काकूंनी बसायला सतरंजीही आणली होती.

दारात बेबी दीदी उभी होती. चर्चची झाडलोट आणि किल्ल्या तिच्याकडे. मोहरीलांची आणि तिची जुनी ओळख, एकाच गल्लीत वाढलेले. नाताळात तिच्या आईकडून तळलेल्या गोड कुलकुलांचा डबा यायचा, दिवाळीत त्याच डब्यातून करंज्या परत जायच्या. डबा रिकामा परत करायचा नाही, या नियमापायी तो डबा पंधरा-वीस वर्षं कोणाचाच नव्हता.

"हैप्पी गुड फ्राइडे, दीदी," मोतीराम मोकळेपणाने म्हणाला.

"आज हैप्पी नहीं बोलते भैया," ती हळूच म्हणाली. "आज दुख का दिन है. देख लो जल्दी, बारह बजे से आराधना है."

मोतीरामने चंद्रशेखररावांकडे पाहिलं. चंद्रशेखररावांनी छताकडे पाहिलं आणि पायरीवर चपला काढल्या.

"बाबा, चर्चमध्ये बूट काढत नाहीत," आल्हाद म्हणाला.

"तिकडे काढत नसतील. देवाचं घर आहे न?"

झालं. मागची सगळी मंडळी पायऱ्यांवर वाकली. चपला, सँडल, बूट यांची एक लांब, शिस्तीची रांग लागली. सर्वात शेवटी, जरा नाइलाजाने, युरोपातून आणलेले आल्हादचे पांढरे बूट.

आत गार होतं. आत शिरताच डाव्या हाताला भिंतीत एक दगडी पाटी होती आणि तीवर चर्च बांधल्याचं साल कोरलेलं होतं. ते साल मध्ययुगाच्या बरंच अलीकडचं होतं. चंद्रशेखरराव सरळ त्या पाटीला पाठ लावून उभे राहिले आणि तिथूनच त्यांनी टूर सुरू केली.

"हे चर्च किती जुनं, हे कोणीच सांगू शकत नाही," ते म्हणाले. पाटी झाकलेली असल्यामुळे ते खरंच होतं. "इथला बाजा, तो मोठा ऑर्गन, माझ्या लहानपणी वाजायचा, तर घमापुरापर्यंत ऐकू जायचा. आमच्या गल्लीत एका दूधवाल्याच्या म्हशी होत्या. रविवारी बाजा सुरू झाला की म्हशी आपसूक पान्हा सोडायच्या. सोमवारी हात लावू द्यायच्या नाहीत. शेवटी तो दूधवाला फादरकडे गेला, म्हणे रोज वाजवा, अर्धं दूध तुमचं."

"मग?" समिधाने विचारलं.

"फादर म्हणाले, आमचा धर्म रविवारचाच आहे."

मंडळी हसली. "बाबा, जरा बाजूला होता का? मागे काहीतरी लिहिलंय," आल्हाद म्हणाला.

"मागचं मागून," चंद्रशेखरराव म्हणाले आणि पाटीला आणखी चिकटले. "आता ऐका. बारा वाजता वर घंटा होईल. त्या घंटेवर माझी आई भाताचं आधण ठेवायची. गल्लीतल्या सगळ्याच बायका ठेवायच्या. बाबा फॅक्टरीतून सायकलवर जेवायला यायचे, आणि पायडलवरून पाय खाली आला की ताटात भात. ही घंटा ऐकल्याशिवाय आपण कोणी हलायचं नाही."

"आज घंटा नहीं बजती भैया," दारातून बेबी दीदी म्हणाली. "और लोग आने लगे हैं."

त्या एका वाक्याने टूरचा कळसच गेला. लोकांना वाट द्यायला हवी होती. चंद्रशेखररावांना लहानपणची वाट आठवली. चर्चच्या बाजूच्या दारातून बाहेर, चिंचेखालून मागच्या भिंतीशी, आणि तिथून थेट दुसऱ्या चर्चसमोर. पूर्वी भिंतीला खिंडार होतं, आता तिथं छोटं लोखंडी फाटक होतं. "हे खरं वॉकिंग," असं म्हणत त्यांनी सगळ्यांना गोष्टीच्या भरात चिंचेखालून नेलं आणि फाटकातून रस्त्यावर काढलं.

सर्वात शेवटी मोतीराम होता. त्याने मागे वळून पाहिलं, कोणी राहिलं नाही याची खात्री केली, आणि जन्मभराच्या सवयीने फाटक बंद केलं. कडी आतून होती. ती खट्कन पडली.

एप्रिल महिना, दुपारचे बारा, आणि डांबरी रस्ता. पहिल्यांदा सतरंजीवाल्या काकूंना कळलं.

"अगंबाई, आपल्या चपला."

मग सगळ्यांना एकदमच कळलं. मंडळी जागच्या जागी नाचू लागली. कोणी एका पायावर, कोणी दुसऱ्या, कोणी दुसऱ्याच्या पायावर.

"मोतीराम, फाटक काहून लावलं?"

"उघडं फाटक सोडून मी आजवर घरी गेलो नाही बाबू."

परत जायचं तर अख्ख्या भिंतीला वळसा, आणि वाटेत एक झाड नाही. समोर मात्र दुसऱ्या चर्चच्या दारात कडुलिंबाची गर्द सावली. आल्हाद रस्त्याच्या कडेला एका वाळक्या पुठ्ठ्यावर उभा होता.

"बाबा, हे टूरमध्येच होतं का?"

आता कबूल केलं तर घर गेलं. "हो," चंद्रशेखरराव पाय भाजत असताना शांतपणे म्हणाले. "मध्ययुगात लोक चर्चला अनवाणीच जायचे. तुमच्या त्या गाईडनं सांगितलं नाही?"

"नाही," समिधा म्हणाली. तिला ते पटल्यासारखं दिसलं.

"पैसे पूर्ण घेतले, टूर अर्धी दिली त्यानं. चलो."

सगळे धावले. साठी ओलांडलेली माणसं त्या रस्त्यावरून अशी धावली, की समोरून येणारी रिक्षा थांबून बाजूला झाली. कडुलिंबाखाली पोचल्यावर मंडळी लंगडत, धापा टाकत, हात जोडलेल्या अवस्थेत दाराशी गेली. हात जोडले होते ते 'पोचलो बाबा' म्हणून. दारात उभ्या असलेल्या वृद्ध गृहस्थांनी त्यांचे धुळीने माखलेले लालबुंद पाय पाहिले.

"इतनी धूप में आप लोग नंगे पाँव आए हैं?"

"जी," चंद्रशेखरराव म्हणाले. यात एक अक्षर खोटं नव्हतं.

गृहस्थांचे डोळे भरून आले. ते अदबीने पुढे झाले आणि साऱ्या चर्चमधून सगळ्या मंडळींना अगदी पहिल्या बाकांवर नेऊन बसवलं. माणसं वळून वळून बघत होती. कोणी तरी पाण्याचा जग आणून दिला. आणि मग आराधना सुरू झाली. ती तीन तासांची असते, हे पहिल्या बाकावर बसल्यानंतर कळलं.

उठून जाणार कसं? एवढ्या मानाने बसवलेलं. मागचे उभे राहिले की हे अर्धा क्षण उशिरा उभे राहायचे, मागचे बसले की हे बसायचे. मागचं दिसत नसल्यामुळे आवाजावर चालायचं. एकदा फादर म्हणाले, "घुटने टेकें." मराठी मंडळाने गुडघे टेकले. मग ते म्हणाले, "उठें." त्यावर निम्मेच उठले. उरलेल्यांचे गुडघे ऐकेनात, म्हणून ते तसेच राहिले, आणि ती भक्ती पाहून मागच्या दोन बाकांनीही पुन्हा गुडघे टेकले.

पण हळूहळू पाय निवले. पंखे संथ फिरत होते, कोणी तरी हिंदीत धीम्या आवाजात वाचत होतं, आणि मध्येमध्ये खूप शांतता होती. एवढी शांतता चंद्रशेखररावांनी घमापुरात बऱ्याच वर्षांत ऐकली नव्हती. सरोजिनीबाई डोळे मिटून, हात जोडून, हलत नव्हत्या. आल्हादने फोन बंद करून खिशात ठेवला होता. थोड्या वेळाने त्याचं डोकं कलंडलं आणि बापाच्या खांद्यावर आलं. ग्वारीघाटावरून स्कूटरवर परतताना तो असाच पाठीला टेकून झोपायचा, आणि सरोजिनीबाई त्याला मागून धरून बसायच्या. तेव्हा तो हलका होता. आता खांद्याला रग लागली, पण चंद्रशेखररावांनी खांदा हलवला नाही. त्यांना वाटलं, गिऱ्हाईक येऊ दे नाही तर न येऊ दे, आजचं काम झालं.

तीन वाजता सुटका झाली. त्या वृद्ध गृहस्थांनी आपल्या मुलाला मोठी व्हॅन काढायला लावली आणि सगळ्यांना दोन खेपांत पहिल्या चर्चपाशी सोडलं. तिथंही आराधना सुटत होती, आणि पायऱ्यांवर चपलांचा सागर उसळला होता.

"ये क्या हुआ, दीदी?" चंद्रशेखररावांनी विचारलं.

"आप ही का किया हुआ है," बेबी दीदी म्हणाली. "बारह बजे लोग आए. देखा सीढ़ी पर इतनी चप्पलें लाइन से रखी हैं, समझे इस साल फादर ने बोला होगा. सबने उतार दीं. फादर आए, देखा सबने उतारी हैं, तो उन्होंने भी उतार दीं."

मंडळी त्या सागरात उतरली. बऱ्याच जणांना आपलं सापडलं, काहींना दुसऱ्याचं जास्त चांगलं सापडलं आणि ते गप्प राहिले. आल्हादचे पांढरे बूट मात्र गेलेच. शेवटी एक काळी, झिजलेली, अंगठ्याची जोडी उरली, ती त्याने घातली.

"सॉरी रे," चंद्रशेखरराव म्हणाले.

आल्हाद चर्चच्या दाराकडे बघत होता. "बाबा, ती कुलकुलाच्या डब्याची बेबी आत्या हीच ना?"

"हीच."

संध्याकाळी तो पाय बादलीत घालून ओसरीवर बसला आणि त्याने शनिवारच्या गिऱ्हाइकाला फोन केला. येऊ नका, घर द्यायचं नाही. मग बापाला म्हणाला, "तुम्ही इथेच राहा. तिकडे दीड तासात पाच चर्च पाहिली, एकही आठवत नाहीये. आज दोनच पाहिली, तर..."

चंद्रशेखरराव स्वयंपाकघरात गेले ते जवळजवळ तरंगत. सरोजिनीबाई चहा गाळत होत्या.

"सरोज, जिंकलो आपण."

"हो. तुम्ही जिंकले."

"आपण म्हटलं मी."

"मी तीन तास डोळे मिटून बसली होती, ते काय वाटलं तुम्हाला?"

"भक्ती वाटली. सगळ्यांनाच वाटली."

"भक्तीच होती." त्यांनी गाळणं बाजूला ठेवलं. "म्हटलं, येशूबाप्पा, तुमच्या दारी पहिल्यांदाच आली, पाय भाजून आली. एकच मागते. पुण्याचं जमू दे."

चंद्रशेखरराव खाली पाटावर बसले. मग म्हणाले, "तू बोलली काहून नाही?"

"कोणी विचारलं काय? तो म्हणे, बाबांना चालेल का. तुम्ही म्हणा, आल्हादला कसं सांगू. दोघं एकमेकांनाच जपून राहिले." त्यांनी कप पुढे केला. "इथं वाईट काहीच नाही. पण लग्न होऊन आली तेव्हापासून ह्याच खिडकीतून तीच गल्ली पाहून राहिली मी. मला एकदा लिफ्टनं उंच जाऊन खाली पाहायचं आहे. बस."

बाहेर समिधा बादलीत गार पाणी ओतत होती.

"उन्हाळा तिकडे काढू म्हटलं तर?" चंद्रशेखररावांनी हळूच विचारलं. "घर न विकता."

"चालते."

"आणि थंडी?"

"थंडी इथंच. इथले मटार सोडून मी कुठं जाऊन राहिली?"

चंद्रशेखररावांनी चहा एका घोटात संपवला, दारापर्यंत गेले आणि ओसरीकडे तोंड करून जरा खाकरले.

"आल्हाद, तो फ्लॅट कितव्या मजल्यावर आहे म्हणत होता?"

"सहाव्या. काहून?"

त्यांनी मागे वळून बायकोकडे पाहिलं. सरोजिनीबाईंनी क्षणभर विचार केला.

"विचारा," त्या म्हणाल्या, "त्याच्या वरचा रिकामा नाही काय?"