झाकणाचे अकरा किलो

आधीच सांगून ठेवतो, त्या हलक्या रणगाड्यात सगळ्यात हुशारीचं काम कोणी केलं असेल तर ते मी!

उंच डोंगरावर हवा विरळ. तिथे माणसाला धाप लागते तशी इंजिनालाही लागते. जड रणगाडा चढ चढत नाही, अरुंद पुलावर घालता येत नाही, विमानात मावत नाही. म्हणून आमच्या मोठ्या साहेबांनी फर्मान काढलं, "प्रत्येकाने आपापल्या भागातून वजन काढा. कसं ते तुमचं तुम्ही बघा!" इंजिनवाले रडले, तोफवाले भांडले. माझ्या वाट्याला आत-बाहेर करायचं वरचं तोंड आणि त्यावरचं झाकण. मी तोंड चार बोटं लहान केलं, त्यासरशी झाकण लहान झालं आणि अकरा किलो वाचले! आमच्या नकाशे काढणाऱ्या काडीपैलवानाला आत सोडून पाहिलं. अर्ध्या बाह्यांच्या सदऱ्यात गडी सुळकन आत गेला, सुळकन बाहेर आला. त्यानंतर कित्येक दिवस मी कॉलर ताठ करून फिरत होतो.

माझा मुलगा सैन्यात आहे, रणगाड्याची तोफ चालवतो. हा गाडा तयार झाला की तो घेऊन बर्फात जाणाऱ्या पहिल्या तुकडीत त्याचा नंबर होता. पुढच्या चालकाला वेगळी वाट असते. पण वर कमांडर आणि खाली तोफवाला, या दोघांना मी केलेलं तोंड एवढीच वाट. आधी कमांडर निघणार, मागून तोफवाला. आग लागली तर दहा सेकंदांत दोघंही बाहेर हवेत.

चाचणी थंड खोलीत ठेवली होती. खोली कसली, गोदामच ते. यंत्रं लावून तिथे डोंगरमाथ्यासारखी थंडी करतात. सैन्यातून तपासणीला पाहुणे आले होते, त्यांतले एक साहेब घड्याळ घेऊन. तोफेवर बसायला नेमका माझाच मुलगा पाठवलेला. कमांडरच्या जागी बसणारा मात्र तापाने आडवा झाला होता.

"त्यात काय, मी बसतो!" मी म्हणालो. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

मला डोंगरावरचा सगळा पोशाख चढवला. अंगात लोकरीचे दोन थर, वर कापूस भरलेला, गुडघ्यापर्यंतचा जाडजूड डगला. आमच्या मिस्त्रीने वरून खांदे दाबले तेव्हा कुठे मी आत उतरलो. शहाणा माणूस तिथेच सावध झाला असता.

"सर, जमेल ना?" खालून मुलाने विचारलं. कामावर तो मला सरच म्हणतो.

"अरे, माप माझं आहे!"

आत दाखवण्यापुरती धुराची कांडी पेटवली. घंटा झाली. "आग! बाहेर पडा!" मी जोरात उसळी घेतली, कमरेपर्यंत वर आलो आणि तिथेच थांबलो. वर जाईना, खाली येईना.

"बघा," मोठे साहेब पाहुण्यांना म्हणाले, "अर्धं अंग बाहेर काढून टेहळणी करायला किती भक्कम आधार मिळतो!"

"साहेब, मी अडकलोय!"

"आणि बोलणंही स्पष्ट ऐकू येतं," साहेब कौतुकाने म्हणाले. पाहुण्यांनी तेही लिहून घेतलं.

मिस्त्रीला मात्र कळलं. तो वंगणाचा डबा घेऊन धावला आणि सगळा डबा माझ्या कमरेभोवती रिकामा केला. त्या थंडीत वंगणाचा डिंक झाला! आगीतून फुफाट्यात! तो आणि काडीपैलवान माझे हात धरून ओढू लागले, खालून मुलगा पाय रेटू लागला.

"श्वास सोडा!" काडीपैलवान ओरडला. मी सोडला. "आता घेऊ नका!"

"किती वेळ?"

"सुटेपर्यंत!"

तेवढ्यात खालून खोकल्याची उबळ ऐकू आली. मग आवाज आला, "बाबा, धूर फार झालाय."

सर नाही, बाबा. त्या धुराने कोणी मरत नाही हे मला ठाऊक होतं. पण पोरगा खाली गुदमरत होता आणि त्याच्या वाटेत मीच बसलो होतो. उद्या खरी आग लागली तर माझ्या जागी दुसरा कोणी असेल, पण वाट मी केलेलीच असेल. आयुष्यात इतका कधी घाबरलो नव्हतो.

"चाकू आहे ना तुझ्याकडे? डगला काप!"

"बाबा, लागेल तुम्हाला!"

"लागू दे! काप म्हणतो ना!"

टर्रकन आवाज झाला, कापूस उडाला आणि वरच्या दोघांनी मला खेचून काढलं. डगल्याचा कापलेला घेर आतच राहिला. सगळ्या साहेबलोकांसमोर मी लोकरी विजारीवर उभा! मागून मुलगा आला. डोळे लालबुंद, केसांत कापूस. घड्याळवाल्या साहेबांनी आता कुठे घड्याळ बंद केलं. किती वेळ लागला, हे विचारायची कोणाची छाती झाली नाही.

दुसऱ्या दिवशी मी मुलाला पूर्ण पोशाखात उभं केलं आणि टेप लावली. खांदे, छाती, डगल्याचा फुगवटा, सगळं मोजलं. वर चार बोटं वाढवली. धीर होईना, म्हणून आणखी चार वाढवली आणि नवा नकाशा मोठ्या साहेबांपुढे ठेवला.

"अहो, यातून दोन माणसं एकदम बाहेर पडतील! आणि वजन?"

"वाढेल, साहेब. पण त्या दोघांतला एक माझा आहे."

साहेबांनी चष्मा पुसला, सहीसाठी पेन उघडलं. मग मला खालपासून वरपर्यंत एकदा नीट न्याहाळलं आणि म्हणाले, "आणखी दोन बोटं वाढवा. तुमचा काय भरवसा, पुन्हा चढाल!"