जिन्याखालचं मीटर

आजोबांनी फ्रिजची वायर काढली, तेव्हा सुनेने पहिल्यांदाच तोंड उघडलं.

"बाबा, दूध नासेल."

"तासाभरात काही नासत नाही. शंभर युनिटांपर्यंत स्वस्त दर, त्यापुढचं प्रत्येक युनिट दुप्पट महाग. गेल्या महिन्यात आपण शंभरावर गेलो. या महिन्यात जायचं नाही."

नोकरी सुटल्यापासून आजोबांना घरात कोणी काही विचारत नव्हतं. भाजी आणायला गेले की जून भेंडी घेऊन येत, नातीचा अभ्यास घ्यायला बसले की तिच्याआधी स्वतःच पेंगत. घरात आपलाही काही उपयोग आहे, हे त्यांना एकदा तरी दाखवून द्यायचं होतं. म्हणून विजेचं बिल त्यांनी अंगावर घेतलं.

एक तारखेचा आकडा पाठ करून ते रोज सकाळी जिन्याखाली मीटर बघायला जात. इस्त्री बंद केली, तर मीटर जास्तच पळालं. मिक्सर बंद केला, संध्याकाळचा पंखा बंद केला. मीटरला चेवच चढला. घरचे मात्र गुणी. कुरकूर न करता बायको, सून आणि नात रोज संध्याकाळी पाय मोकळे करायला म्हणून बाहेर पडत. आजोबा एकटेच अंधारात विजेची राखण करत बसत.

शंभराला दोनच युनिटं उरली, त्या संध्याकाळी त्यांनी सरळ मेन स्विच पाडला आणि खाली धावले. घरात वीज नव्हती, तरी मीटरचा लाल दिवा मजेत लुकलुकत होता.

"चोरी," आजोबा स्वतःशीच म्हणाले. मीटरमधून निघालेल्या वायरीवर बोट ठेवून ते जिना चढू लागले. वायर त्यांच्या मजल्यावर आली, त्यांचं दार टाळून वळली आणि शेजारच्या मास्तरीणबाईंच्या घरात शिरली. बाई एकट्या राहायच्या, कोणाच्या अध्यात ना मध्यात. आजोबांना वाईट वाटलं, पण त्यांनी दार ठोठावलं.

दार नातीने उघडलं.

आत पंखा गरगर फिरत होता. सून मिक्सर लावून बसली होती. बायको त्यांच्याच सदऱ्याला इस्त्री करत होती.

"असे काय बघताय?" बायको म्हणाली. "घरात सगळं बंद, आणि सदरा तर तुम्हाला रोज कडक लागतो."

"मग मी महिनाभर बघतोय ते मीटर..."

"माझं," मास्तरीणबाई म्हणाल्या. "तुमचं त्याच्या शेजारचं. ते केव्हाचं निवांत पडलंय. मला वाटलं, तुम्ही माझ्या काळजीने बघताय."

आजोबांनी गरगरत्या पंख्याकडे बघितलं. "अहो, आमच्यापायी तुम्ही शंभरावर जाल. तुमचं बिल मी भरतो."

"भरा, नाहीतर नका भरू. यांना तेवढं घेऊन जाऊ नका." बाई चष्मा पुसायला लागल्या. "इतकी वर्षं मी शंभराच्या आतच होते हो. एकटीसाठी पंखा लावावासाच वाटायचा नाही."

अंधारात एकटं बसून आजोबांनाही महिनाभर करमलं नव्हतं, पण ते सांगणार कोणाला? घसा खाकरून ते म्हणाले, "तुमचे शंभर भरत आले, आमचे शिल्लक आहेत. उद्यापासून तुम्हीच आमच्याकडे या. दोन घरांत दोन पंखे कशाला?"

"तुमचा पंखा कितीवर असतो?"

"दोनवर."

बाईंनी नकारार्थी मान हलवली.

"बरं, तीनवर."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बाई आल्या, तेव्हा पंखा पाचवर होता आणि घरातले सगळे दिवे लागले होते.

"आजोबा, मीटर पळत असेल हं," नात म्हणाली.

"पळू दे," आजोबा बाईंसाठी पंख्याखाली खुर्ची सरकवत म्हणाले. "या वेळी आपलं आहे."