दोन हाकांची सून

पहिली खटकलेली गोष्ट तशी क्षुल्लक होती. खैरमाळच्या स्टँडवर उतरल्याबरोबर मी चहावाल्याला म्हटलं, "अहो, तीन चहा द्या." तो ढिम्म. पुन्हा म्हटलं, "अहो चहावाले!" तो किटलीकडे बघत राहिला. मला घाम फुटला. (मला घाम फुटायला एवढं पुरतं. पोस्टमनने सायकलची घंटी वाजवली तरी फुटतो.) तिसऱ्यांदा हाक मारली, तेव्हा कुठे हसून म्हणाला, "ओ बाई! तीन ना?"

"ऐकू येत नव्हतं का?"

"येत होतं ना. पन आमच्या गावात तिसऱ्या हाकेलेच ओ देतेत. पहिल्या दोन कोनाच्या असतीन, काय भरोसा?"

"कुणाच्या म्हणजे?"

"साखर जास्त टाकू का?" तो म्हणाला.

नागपूरहून एसटीने दोन तासांवरचं हे गाव चेटकिणींच्या खटल्यांसाठी प्रसिद्ध. राजेशाहीत इथे संशयित बायांना दगडी कोठीत कोंडून न्याय करत. अशा गावी मी (जिला अंगणातल्या दोरीवरची साडी हलली तरी धडकी भरते) सहलीला का आले, तर बी.एड.साठी.

त्याचं असं झालं. आमच्या सासूबाई, म्हणजे रुखमाबाई (मी त्यांना आत्याबाई म्हणते), उन्हाळाभर गावी जाणार होत्या. आमच्या ह्यांची हिंगण्याच्या कारखान्यात महिनाभर रातपाळी. (ह्यांचं नाव मी लिहिणार नाही. लग्नात उखाण्यात एकदाच घेतलं, तेही नणंदांनी दार अडवलं म्हणून.) म्हणजे नागपूरच्या सदर भागातल्या आमच्या दोन खोल्यांत रात्री मी एकटी, आणि मे महिन्यात माझी बी.एड.ची परीक्षा.

"तू एकटी राह्यशीन?" आत्याबाई म्हणाल्या. "अवं, पाल दिसली तं मोहल्ला गोळा करते तू! त्यापेक्षा माह्यासंगं गावी चाल. परीक्षा पुढच्या साली दे."

पुढच्या साली! वर्षभर पाठ केलेलं बालमानसशास्त्र कुरडयांबरोबर वाळत घालायचं! माझ्या तोंडून निघून गेलं, "मी मुळीच भित्री नाही, आत्याबाई. कुठेही नेऊन बघा."

आत्याबाईंनी तत्काळ खैरमाळला न्यायचं ठरवलं. अट साधी होती. "दिवसभरात एक किंकाळी नाही निघाली, तं राह्य नागपुरात. निघाली, तं बोचकं बांधजो."

हे रातपाळी संपवून कंपनीच्या बसमधून उतरले ते तसेच आमच्या एसटीत चढले. दोन तास उभ्याने झोपले. गावात पोचल्यावर मी बांधून आणलेल्या सहा पोळ्या खाल्ल्या आणि "कुठं गार जागा पाहून आडवा होतो, मले उठवू नोका" म्हणत नाहीसे झाले.

कोठीचा चौकीदार गणपतराव निंबाच्या सावलीत बसला होता. कोठी म्हणजे बिनखिडकीची दगडी खोली, वर हातभर झरोका, आणि सागवानी दार. दाराला नुसती बाहेरून कडी, दार मिटलं की आपसूक पडणारी. "कुलूप काहून लावू बाई? आत कोन जाते!" त्याचं म्हणणं. आत्याबाईंनी पानाचा डबा उघडून त्याच्यापुढे सरकवला. तो म्हणाला, "चार वाजता आत नेऊन सारा इतिहास सांगतो. आत उभं राहून ऐकाची मजा अलग आहे."

तिथे आत, अंधारात, हा माणूस चेटकिणींच्या गोष्टी सांगणार आणि मी किंचाळणार नाही? अशक्य. मग मला एक शैक्षणिक उपाय सुचला. पाठ घेण्याआधी आम्ही रिकाम्या वर्गात तालीम करायचो. तसंच आधी एकटीने आत जाऊन यायचं. शंभर अंक मोजायचे. एकदा सवय झाली की चार वाजता मी वीरांगना!

"विहिरीवरून पाणी आणते," असं सांगून फिरकीचा तांब्या घेतला आणि मागून वळसा घालून दाराशी आले. कडी काढली, दार लोटलं, ते मिटू नये म्हणून दगड अडकवला. आत गारेगार काळोख. एक, दोन, तीन... अकराला झरोक्यात पारवा फडफडला. मी किंचाळले नाही! (पदराचा बोळा तोंडात कोंबला होता.) पण उडी मारली. ती दगडावर. दगड निसटला, दार धाडकन मिटलं आणि बाहेरची कडी आपसूक पडली.

मी शांत राहिले. म्हणजे निदान आवाज तरी शांत ठेवला. "आत्याबाई," मी झरोक्याकडे तोंड करून हाक मारली. मग पुन्हा, "आत्याबाई." तिसरी हाक ओठांवर आली आणि मनात आलं, त्या धावत येतील, माझा चेहरा बघतील आणि बोचकं बांधायला सांगतील. त्यापेक्षा चौकीदार बरा. "गणपतराव," मी म्हटलं. "अहो गणपतराव." आणि विचार करत थांबले. हा माणूस आत्याबाईंना सांगितल्याशिवाय राहील का?

तेवढ्यात बाहेरचं बोलणं ऐकू आलं.

"ऐकलं का बाई?" गणपतरावाचा आवाज घोगरा झाला होता. "तुमाले दोन हाका, मले दोन हाका."

"हो ना गा. तिसरी काहून नाही आली?"

"तेच तं सांगनार होतो चार वाजता! इथला न्यायच तसा होता. बाईले कोंडायचं, घरच्याले हाक मारू द्यायची. मानसाची हाक तीनदा येते. चेटकिनीले दोनच जमते. तिसरी तिच्या नरड्यातून निघतच नाही."

मी हादरले. झरोक्याखाली धावले. "आत्याबाई, मी आहे! सुहासिनी! कृपया दार उघडता का?"

"आता तं सुनेचं नाव सांगून राहिली," आत्याबाई कुजबुजल्या.

"अन् हे नवी पहिली हाक झाली," गणपतराव म्हणाला. "मोडलेली हाक जुळत नाही, बाई. माही सारी हयात इथं गेली."

"पन मले एक सांगा. माही सून अंधारात एकटी असती तं आतालोक तिच्या किंकाळीनं ह्या निंबावरचे कावळे उडाले असते. हे बाई तं 'कृपया' म्हनून राहिली."

"मंग झालं तं! चला देवळात. निंबू आनू. मांगं पाहू नोका."

चपलांचे आवाज लांब गेले. मी अंधारात उभी राहिले आणि माझी अवस्था नीट तपासली. किंचाळले तर सुटका, पण परीक्षा बुडाली. नाही किंचाळले तर मी चेटकीण. बालमानसशास्त्रात यावर काही नाही.

एकच माणूस उरला होता. जवळपास कुठेतरी गार जागी झोपलेला, रातपाळीची झोप घेणारा. त्यांना "अहो" म्हणून हाक मारली तर कोण उठणार? गावातले निम्मे पुरुष "अहो" होते. मग एकच उपाय राहिला. आईने न घ्यायला शिकवलेलं, नणंदांनी चिडवलेलं, उखाण्यात सोन्याच्या ताटात आणि चांदीच्या वाटीत गुंडाळून घेतलेलं ते नाव उघडं, नुसतं, एकेरी घ्यायचं. तेही तीनदा. न थांबता.

मी डोळे मिटले. पदर डोक्यावर घेतला. (अंधारात! पण सवय.) देवीची क्षमा मागितली आणि नरडं फाटेस्तोवर ओरडले,

"चंद्रभान! चंद्रभान! चंद्रभान!"

मग उत्तर आलं. झरोक्यातून नाही, दाराकडूनही नाही. माझ्या पाठीमागून, हातभर अंतरावरून, कोठीच्या काळ्याकुट्ट कोपऱ्यातून.

"ओ."

मी अशी किंकाळी फोडली की पारव्यांसह माझं बी.एड. झरोक्यातून उडालं. निंबावरचे कावळे उडाले. देवळाकडून आत्याबाईंचा आनंदाने भरलेला आवाज आला, "अवं, आपलीच हाय!"

आणि कोपऱ्यात, पोत्यावर उठून बसलेला, भीतीने पांढरा पडलेला तो आवाज हात जोडून मला म्हणाला,

"बाई, मी मघापासून सारं ऐकून राहिलो. तुमी कोनी बी असा, पन माही सुहासिनी नाही. तिनं माहं नाव नसतं घेतलं."