विहीणबाईंच्या भेटीसाठी मास्तरांनी इंग्रजीवर स्वारी केली त्याची हकीकत

ही हकीकत लिहावी ऐसा हुकूम बाईसाहेबांचा, म्हणजे मास्तरांचे कुटुंबाचा, जाहला. सबब की खासे शिंपीमास्तर हा प्रसंग दुकानात गिऱ्हाइकांस सांगतात तेव्हां दर खेपेस आपले तोंडी चार इंग्रजी शब्द वाढवून सांगतात, आणि ऐसेच चालले तर पुढील साली मास्तरांनी विहीणबाईंपुढे व्याख्यान दिले ऐसे होऊन बसेल. म्हणोन जे घडले ते जैसे घडले तैसे, पदरचे न घालता, कागदी उतरावे. आम्ही दुकानी काजेबटणे करणारे, तीस वर्षांचे जुने चाकर. आमची दोस्ती सुईशी, लेखणीशी नाही, तरी बाईसाहेबांचा हुकूम मोडून या घरी कोणाचे भले जाहले नाही. वाचणारांनी नीट बसून घ्यावे.

मूळ कारण ऐसे. मास्तरांस कन्या एकुलती एक. ती शिकोन सवरोन दूरदेशी नोकरीस गेली, आणि त्या मुलखीचा एक सालस गृहस्थ पसंत करोन तेथेच संसार मांडिला. जावईबापूंच्या मातोश्री, म्हणजे आमच्या विहीणबाई, त्याच घरी राहतात आणि इंग्रजीवाचून दुसरी भाषा जाणत नाहीत. कन्या दर रविवारी फोन करी, "सगळं छान आहे बाबा" इतके सांगे, आणि मग हवापाण्यावर जाई. आता ज्या बापाने चाळीस साल लोकांचे खांदे मोजिले, त्यास खांदा पाडून कोण उभे आहे हे फोनवरही कळते. मास्तरांस अन्न गोड लागेना. कन्येस खोदून पुसावे तर ती हसून टाळी, जावयास पुसावे तर तो पडला पक्षकार. राहिल्या विहीणबाई.

इतक्यात खबर आली की विहीणबाई मैत्रिणींसमवेत प्रवासास निघणार, आणि तीन महिन्यांनी वाटेत एक दुपार आपले घरी येणार. कन्या बोलली की मी फोनवर दुभाषी होईन. मास्तरांनी ती मसलत नामंजूर केली. लेक सुखी आहे की नाही हे लेकीच्याच तोंडून कैसे विचारावे? मग मास्तरांनी कात्री खाली ठेविली आणि फर्मान काढिले की इंग्रजी सर करावयाची, तीही तीन महिन्यांत, आणि दुकान बंद न ठेविता.

या मोहिमेवर उस्ताद नेमिली ती मास्तरांची मेहुणी. ती इस्पितळात परिचारिका, तीस साल वॉर्डात काढिलेली, तिजपुढे मोठमोठे डॉक्टरही मान खाली घालीत. मीच दुभाषी होते ऐसे तीही बोलली, परंतु मास्तर म्हणाले की बापाचा सवाल बापानेच पुसावा. तिने नकाशा काढोन दाखविला की या मुलखात गड चार: ऐकणे, बोलणे, वाचणे आणि लिहिणे, पैकी ऐकणे आणि बोलणे आधी घ्यावे, म्हणजे बाकीचे दोन मागाहून सोपे जातात. मास्तर म्हणाले की आधी वाचणे घेऊ, कारण अक्षर जागचे हलत नाही आणि उलट प्रश्न करीत नाही. तेथेच अर्धी मोहीम फसली होती, पण ते कळावयास अवकाश होता.

वाचण्यास ग्रंथ पाहिजे, तो दुकानीच सापडला. गिऱ्हाइकांचे कपडे दुरुस्तीस येतात त्यांचे कॉलरीमागे लहान चिठ्ठी शिवलेली असते, त्यावर कपडा कैसा धुवावा ते इंग्रजीत लिहितात. मास्तर चष्मा चढवोन त्या चिठ्ठ्यांवरील अक्षर लावीत बसले, आणि मग महिन्याभरात थंड पाणी, गरम इस्त्री, सावलीत वाळविणे इतका मुलूख निर्वेध ताब्यात आला. लिहिण्याचे काम मापवहीत सुरू केले. गिऱ्हाइकांची नावे इंग्रजीत लिहो लागले, आणि मग कोणाचा कोट कोणाचा हे खुद्द मास्तरांसही वाचेना, तेव्हां आम्ही गुपचूप खाली पेन्सिलीने आपल्या अक्षरांत लिहीत गेलो. हे आजतागायत मास्तरांस ठाऊक नाही.

ऐकण्याकरिता मशिनीशेजारी रेडिओ ठेविला. बातम्या देणारी बाई श्वास न घेता बोले. आठवडाभर एक शब्द हाती लागला नाही, आणि मग एके दिवशी मास्तरांनी 'रेन' शब्द पकडिला, तैसेच धावत गच्चीवर जाऊन दोरीवरचे सारे कपडे खाली आणिले. पाऊस परक्या मुलखी पडला होता. येथे ऊन कडकडीत. तरी शब्द पकडिला हे खरे, आणि बाईसाहेबांनी ओले कपडे पुन्हा वाळत घालताना जे काही म्हटले ते या हकीकतीत घेत नाही.

आता मेहुणीबाईंची इंग्रजी म्हणजे वॉर्डाची इंग्रजी. हलू नका, तोंड उघडा, डीप ब्रेथ घ्या, एनी पेन, इतका तिचा सरंजाम. तोच मास्तरांचे जिभेवर चढला. एक वकीलसाहेब विजारीचे माप देण्यास आले, त्यांचे कंबरेस टेप लावोन मास्तर मोठ्या रुबाबाने बोलिले की डीप ब्रेथ. वकीलसाहेबांनी छाती भरोन श्वास घेतला, पोट आत गेले, माप दोन इंच कमी उतरले आणि विजार तैसीच शिवली गेली. पुढील गुरुवारी त्या विजारीचे बटण वकीलसाहेबांचे पोटावर लागेना. मोहिमेत पडलेला हा पहिला मोहरा. बटणे आमचीच होती, दुःख आम्हासही जाहले.

परंतु खरी शिकस्त बोलण्याचे गडाखाली खाल्ली. मास्तरांची रीत ऐसी की दोनदा मापल्याखेरीज कापडास कात्री लावावयाची नाही. तीच रीत त्यांनी भाषेस लाविली. शब्दकोश उघडोन, मेहुणीकडोन तपासून, त्यांनी एकच वाक्य तयार केले, सतरा शब्दांचे, की आपले घरी आमचे कन्येस काही दुःख अथवा जाच असल्यास कृपा करोन निःसंकोच कळवावे. ते खाकी कागदावर खडूने लिहोन आरशाशेजारी टांगिले. दुकानातील पुतळ्यापुढे ते वाक्य मास्तर अस्खलित म्हणत. जिवंत माणूस पुढे आले की तिसऱ्या शब्दावर अडत, पुन्हा पहिल्यापासून आरंभ करीत, आणि मग समोरचे माणूस घड्याळ पाही. मेहुणीबाई रागे भरली की चुकत बोला पण बोला. मास्तरांनी उत्तर दिले की अर्धवट शिवलेला माल या दुकानाबाहेर गेलेला नाही.

मुदत भरली. विहीणबाई दुपारी तीन वाजता दाखल जाहल्या. उंच बांधा, पायी कापडी बूट, हाती बिस्किटांचा डबा, आणि बोलण्याची गती रेडिओवाल्या बाईच्या दुप्पट. मास्तर धुवट सदरा घालोन, गुडघ्यांवर हात ठेवोन, खुर्चीत बसले ते बसलेच. बाईसाहेबांनी आपल्या भाषेत, विहीणबाईंनी त्यांच्या भाषेत, मांडीवर फोटोंचा अल्बम घेऊन गप्पा मारिल्या आणि दोघी हसल्याही. एक मास्तर तेवढे गप्प. सतरा शब्द बसतील इतकी फट बोलण्यात कोठे पडेना. दोनदा तोंड उघडिले, दोनदा मिटिले. टॅक्सी पाच वाजता यावयाची, आणि साडेचार होऊन गेले. तेव्हां विहीणबाईंनी शेजारी बसलेल्या मेहुणीस हळूच पुसिले की हे गृहस्थ मजवर नाराज आहेत काय.

मेहुणीबाईने मास्तरांस स्वयंपाकघरात बोलाविले, दार लोटले, आणि तेथे जे बोलणे जाहले ते आम्ही चहाची भांडी विसळीत असता ऐकिले.

"भाऊजी, तुम्ही कोट एकदम पक्का शिवून देता का गिऱ्हाइकाला?"

"छे. आधी कच्च्या टिपेवर अंगात घालून बघायचा. कुठे ओढतोय ते अंगावरच कळतं."

"मग बोलायचं पण तसंच. टाके दिसले तर दिसू देत."

मास्तर बाहेर आले. विहीणबाई पिशवी खांद्यास लावोन उभ्या होत्या. मास्तर त्यांजपुढे जाऊन उभे राहिले. सतरा शब्द टाकून दिले. म्हणाले, "माय डॉटर." थांबले. मग, "युवर हाउस." पुन्हा थांबले, घाम पुसिला, आणि मग जे होते ते सारे पणास लाविले. "एनी पेन?"

विहीणबाईंनी पिशवी खाली ठेविली. त्यांस प्रश्न पुरता कळला हे आम्हास दाराआडूनही दिसले, कारण त्याही कोणाची तरी आई. मग त्यांनी एकेक शब्द सुटा करोन सांगितले, "शी फाइट्स विथ मी. एव्हरी डे."

मेहुणीबाई पांढरी पडली. बाईसाहेबांस अर्थ कळला नाही, परंतु मेहुणीचे तोंड पाहोन त्यांनी पदर मुठीत धरिला. मास्तरांस मात्र सर्व शब्द पहिल्याच खेपेस कळले, ऐसे तीन महिन्यांत प्रथमच घडले. भांडते. रोज. मास्तर उभे होते तैसे स्टुलावर बसले, आणि त्यांचे तोंडावरोन तीन महिन्यांची काळजी आमचे डोळ्यांदेखत उतरली. ही पोर परक्यापुढे कधी ब्र काढावयाची नाही, मान डोलवील आणि हो म्हणेल. ती भांडते ते फक्त आपल्या घरात, आपल्या माणसांशी. मास्तर हसो लागले, आणि मग कागदावर नसलेला, कोणी न शिकविलेला, न मापलेला न खडूने आखलेला सवाल त्यांचे तोंडून आपोआप निघाला.

"हू विन?"

विहीणबाईंनी छताकडे पाहिले आणि लांब उसासा टाकिला. "शी," म्हणाल्या. "ऑल्वेज." मग त्याही हसल्या आणि स्वयंपाकघराच्या खिडकीवरोन रोज काय रण माजते ते सांगो लागल्या, की मी उघडते आणि ती लाविते. मास्तरांस निम्मे शब्दांनी कळले, निम्मे हातवाऱ्यांनी. टॅक्सीवाला खाली भोंगा वाजवीत राहिला आणि कोणी उठले नाही.

येणेप्रमाणे मोहीम संपली. ऐकण्याचा गड अर्धा ताब्यात आला, वाचणे कॉलरीपुरते, लिहिणे अद्याप शत्रूकडे, आणि बोलण्याचा गड कच्च्या टिपेवर फत्ते जाहला. फत्ते कोणाचे नावे लिहावी ऐसे आम्ही विचारिले, कारण बखरीत ती जागा मोकळी सोडिता येत नाही. आम्ही मास्तरांचे नाव घालणार होतो. मास्तरांनी तोंडातील टाचण्या काढोन हातावर घेतल्या.

"पोरीच्या नावे लिहा," म्हणाले. "मी एकच दिवस लढलो. ती तिथे रोज लढते, आणि रोज जिंकते."

तैसे लिहिले.