प्रलंबित फोल्डरमागचा डोंगर

नगरपरिषदेच्या विवाह नोंदणी कक्षात रमाकांत ठोसर यांनी ‘प्रलंबित’ नावाच्या फोल्डरला डोंगराचे चित्र लावले आणि तिसऱ्या दिवशी त्यातल्या दोन फायली तो डोंगर चढून पलीकडे गेल्या.

कक्षातला संगणक जुना होता. फोल्डर उघडला की फायलींच्या मागे आपल्या आवडीचे चित्र दिसावे अशी सोय त्यात होती. पुढे नव्या संगणकांतून ती गेली. सहा वर्षे पांढरा पडदा बघून ठोसरांचे डोळे विटले होते, म्हणून त्यांनी बियाण्याच्या दुकानाच्या कॅलेंडरावरचा हिरवागार डोंगर स्कॅन करून लावला. दोन दिवस फायली पायथ्याशी ओळीने उभ्या होत्या. बुधवारी सकाळी त्यांतल्या दोन चढावर दिसल्या, दुपारी माथ्यावर, आणि ठोसर चहा घेऊन परत येईपर्यंत दिसेनाशा झाल्या.

एक फाईल वराची होती: लीलाधर भोईटे, वय त्रेसष्ट, एसटीचे निवृत्त कंडक्टर. दुसरी वधूची: इंदुमती साबडे, वय एकोणसाठ, प्राथमिक शाळेतून निवृत्त झालेल्या बाई. गुरुवारी दोघे दाखला न्यायला आले.

“तुमच्या फायली बाहेर गेल्यात,” ठोसर म्हणाले.

“बाहेर म्हणजे? कलेक्टर ऑफिसला?” भोईट्यांनी विचारले.

“डोंगरापलीकडे.”

बाईंनी चष्मा लावून पडदा नीट पाहिला. “एकत्र गेल्या?”

“एकत्रच. मी स्वतः पाहिलं.”

“आम्ही अजून बसस्टँडच्या रसवंतीपलीकडे गेलो नाही,” बाई म्हणाल्या. त्यांच्या आवाजात थोडा हेवा होता. मग त्या खुर्चीवर टेकल्या. “ठोसरसाहेब, सोमवारी माझा मुलगा येतोय मला सुरतेला न्यायला. माझे गुडघे गेलेत, एकटी राहू नको म्हणतो. लग्नाचं त्याला पत्रानं कळवलंय, पण तो ते मनावर घेत नाही. दाखला हातात असला तर मला बोलायला जमेल. नाहीतर मी जाईन त्याच्याबरोबर. मला माझा स्वभाव ठाऊक आहे.”

भोईटे खिडकीबाहेर बघत राहिले. ठोसरांना स्वतःचीच लाज वाटली. ते उठून मुख्याधिकारी सरदेशमुख मॅडमकडे गेले.

“चित्र काढून टाकता येणार नाही,” मॅडम म्हणाल्या. “फायली चित्रात आहेत. चित्र गेलं की त्याही गेल्या. तो अभिलेख नष्ट करणं होईल.”

“मग काय करू?”

“त्यांना परत यायची सोय करा.”

ठोसरांनी परत येऊन हे सांगितले तेव्हा भोईट्यांना कंठ फुटला. चौतीस वर्षे त्यांनी घाटातली गाडी केली होती. “रस्ता कुठंय या चित्रात?” ते म्हणाले. “चढताना माणूस हौसेनं चढतो. उतरायला गाडी लागते.”

रस्ता काढायचा म्हणजे बांधकाम विभागाची ना-हरकत आली. शुक्रवारी अभियंता वाणी टेप घेऊन आले, त्यांनी पडद्यावरचा डोंगर मोजला आणि मान हलवली. “सरळ नेलात तर गाडी चढणार नाही. तीन वळणं द्या. आणि दुसऱ्या वळणाला कठडा.”

ठोसरांनी माऊसने रस्ता काढला. माऊसने चित्र काढायची सवय नव्हती, त्यामुळे वळणे आपोआप आली. माथ्यावर थांबा काढला, पायथ्याशी लाल गाडी उभी केली. भोईट्यांनी चित्र तपासले, गाडीच्या मागे टपावर चढायची शिडी रेखाटायला लावली, मग पडद्याला तोंड लावून दोनदा “टिंग टिंग” म्हणाले. गाडी हलली नाही.

“सुटेल,” ते म्हणाले. “ड्रायव्हर चहा घेत असेल.”

शनिवारी कार्यालय उघडले तेव्हा दोन्ही फायली पायथ्याशी होत्या. वराची फाईल चार केबींनी वाढली होती. वधूची फाईल आधी उघडत नव्हती. मग हळूच उघडली. तिच्यात फोटोच्या चौकटीत दोघे होते. बाईंच्या केसांत रानफूल होते, भोईट्यांनी डोक्याला उपरणे गुंडाळले होते आणि मागे दरी होती. वराच्या फायलीतली फोटोची चौकट मोकळी होती.

मॅडमनी ते पान छापून घेतले आणि बराच वेळ पाहिले. “नियमाप्रमाणे स्वतंत्र फोटो लागतात. पार्श्वभूमी पांढरी.”

“मॅडम,” भोईट्यांबरोबर आलेल्या इंदुमतीबाई म्हणाल्या, “या वयात आता पार्श्वभूमी कुठं बदलत बसू?”

मॅडमनी पेनाचे टोपण काढले. ‘विशेष बाब म्हणून मान्य’ असे लिहून खाली सही केली.

सोमवारी बाईंचा मुलगा मिलिंद आईला घेऊन थेट कक्षात आला. मागून भोईटे आले आणि दाराशीच थांबले. मिलिंदने दाखला टेबलावर ठेवला.

“हा फोटो कुठला?”

“इथला,” ठोसरांनी ‘प्रलंबित’ फोल्डर उघडून मॉनिटर त्याच्याकडे वळवला.

मिलिंदने डोंगर पाहिला. मग तो आईकडे वळला. “तू चढलीस हे?”

“चढले.”

“गुडघे?”

“वर वारा फार छान होता रे,” बाई म्हणाल्या. “आठवणच आली नाही गुडघ्यांची.”

मिलिंदने दाखला उचलला, घडी न घालता आईच्या पिशवीत सरकवला आणि दाराकडे पाहून म्हणाला, “काका, आत या ना. उभे का?”

भोईटे आत आले. मिलिंदने त्यांना खुर्ची दिली आणि स्वतः टेबलाशी उभा राहिला.

“माझं लग्न इथंच, बाजारपेठेतल्या मंगल कार्यालयात झालं होतं,” तो ठोसरांना म्हणाला. “नऊ वर्षं झाली. नोंदणी राहूनच गेली. दुकान आणि घर, आम्हा दोघांना दुसरं काही सुचतच नाही.”

ठोसरांनी अर्ज काढून दिला. त्याने तिथेच भरला. बायकोच्या नावाशी तो क्षणभर थांबला, मग त्याने ते सावकाश, वळणदार अक्षरात लिहिले.

“अर्ज पूर्ण भरलाय,” ठोसर म्हणाले. “तासाभरात करून देतो.”

मिलिंदने पुन्हा एकदा पडद्याकडे पाहिले.

“घाई नाही,” तो म्हणाला. “चार दिवस प्रलंबित राहू द्या.”